कॉर्न स्नेकचं पिल्लू तीन आठवडे काहीच खात नाही, काय चुकतंय?

थेम्सकाठी | १४ ऑक्टोबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मुक्काम रेडिंग, इंग्लंड. कॉर्न स्नेकचं पिल्लू आहे, ऑगस्टमध्ये अंड्यातून निघालेलं. २३ सप्टेंबरला घरी आलं, आज एकवीस दिवस झाले, पोटात काही नाही. तपशील एकदाच देतो, म्हणजे उलट प्रश्नांत वेळ जायला नको.

वजन आलं तेव्हा ६.४ ग्रॅम, आज ५.९. इथे आल्यावर एकदा कात टाकली, ती सलग निघाली. विकणाऱ्याने "दोनदा खाल्लंय" एवढंच सांगितलं. घर म्हणजे ९० × ४५ × ४५ सेंटिमीटरचं लाकडी व्हिव्हेरियम, पुढे काच. तळाशी हीट मॅट, तिच्यावर पाच सेंटिमीटर अ‍ॅस्पेनचा भुसा. थर्मोस्टॅट २९ अंशांवर, त्याचा सेन्सर भुशाच्या वर ठेवलाय. मागच्या भिंतीवर चिकटवलेला काट्याचा थर्मामीटर २४ दाखवतो. लपायला एक लाकडी अर्धगोल आणि पाण्याची वाटी.

खाणं फ्रोजन पिंकी, म्हणजे उंदराचं केस न आलेलं, गोठवलेलं नवजात पिल्लू; पाकिटावर १ ते २ ग्रॅम लिहिलंय. किटलीतल्या पाण्यात पाच मिनिटं ठेवतो आणि चिमट्यात धरून समोर हलवतो. दर दोन दिवसांनी, संध्याकाळी सातला, खोलीतला दिवा चालू ठेवून. पिल्लू मान आखडून मागे घेतं, शेपटी थरथरवतं, कधी चिमट्यावर झेपावतं आणि लगेच सोडून पळतं. दोनदा पिंकीचं पोटच फुटलं.

आता तोंड उघडून भरवायचं का? व्हिडिओत तर सोपं दिसतं.

---

सरपटेकाका | १४ ऑक्टोबर, रात्री १०:३५

भरवू नका. अजून त्या टप्प्याच्या जवळपासही नाही आहात. अर्धा ग्रॅम म्हणजे आठ टक्क्यांच्या आत. एवढ्याशा जिवाने एकदा शी केली तरी पाव ग्रॅम उतरतो. वजन आठवड्यातून एकदाच करा, ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर, डब्यासकट ठेवून डब्याचं वजन वजा करा. रोज काट्यावर ठेवणं हाही त्रासच.

तुमच्या वर्णनातली खरी बातमी शेपटीत आहे. मान आखडणं, शेपटी थरथरवणं, झेपावून सोडून पळणं ही भूक नाही, भीती आहे. भुकेलं पिल्लू हळूहळू पुढे येतं, जीभ सावकाश लपलपवतं, मान सरळ ताणतं. तुमचं पिल्लू चिमट्याला शत्रू समजतंय, आणि दर दोन दिवसांनी तो शत्रू परत येतोय. एका नकारानंतर किमान पाच दिवस पिल्लाला विसरा. न खाणाऱ्या पिल्लांच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान मालकाच्या घाईने होतं.

आता घर. पाच सेंटिमीटर भुसा म्हणजे मॅटवर टाकलेली गोधडी. सेन्सर गोधडीच्या वर, त्यामुळे वर २९ यावेत म्हणून मॅट सतत तापत राहते आणि भुशाच्या तळाशी ४० च्या पुढेही जाऊ शकते. कॉर्न स्नेक भुशात शिरणारा साप. ऊब हवी म्हणून तो खाली जातो, चटका बसतो, वर येतो, तिथे गार. मधल्या आरामाच्या जागेत त्याला राहताच येत नाही. भिंतीवरच्या काट्याच्या थर्मामीटरवर तर अजिबात विसंबू नका, तो भिंतीजवळच्या हवेचं तापमान दाखवतो आणि तेही चुकीचं. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या आणि पिल्लू जिथे पोट टेकवतं त्या जागेवर रोखा.

नव्वद सेंटिमीटरचं व्हिव्हेरियम मोठ्या सापाला ठीक. पेन्सिलएवढ्या जाडीच्या पिल्लासाठी, त्यातही एकच आडोसा असताना, ते उघडं मैदान आहे. मैदानात कोणी जेवायला बसत नाही. तात्पुरतं ९ लिटरच्या प्लास्टिकच्या डब्यात हलवा, झाकण क्लिपने घट्ट बसणारं. दोन बाजूंना ३ मिलिमीटरची पंधरा-वीस भोकं पाडा, त्याहून मोठी नकोत. एवढंसं पिल्लू पेन्सिलच्या जाडीच्या फटीतून सहज निघून जातं. तळाला भुसा नको, किचन पेपरचे दोन थर. मॅट डब्याच्या खाली, आणि डब्याचा फक्त एक-तृतीयांश भाग मॅटवर. सेन्सर मॅट आणि डब्याच्या मध्ये, टेपने पक्का. डब्याच्या आतल्या पेपरवर गरम टोकाला २८ ते ३० येईपर्यंत थर्मोस्टॅटचा आकडा जुळवा. आकडा ३२-३३ वर जाईल, घाबरू नका, प्लास्टिकमध्ये थोडी उष्णता अडते. थंड टोक २१ ते २४. इंग्लंडात ऑक्टोबरच्या रात्री खोली सतरापर्यंत उतरत असेल तर डबा खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवा.

दोन आडोसे, एक गरम टोकाला, एक थंड टोकाला. लाकडी अर्धगोल दोन्ही बाजूंनी उघडा असतो, तो आडोसा नव्हेच. टॉयलेट पेपरच्या नळीचं एक तोंड दाबून बंद करा, किंवा दह्याचा रिकामा कप उपडा ठेवून कडेला बोटभर खाच कापा. पिल्लाच्या पाठीला आणि दोन्ही कुशींना आडोसा टेकला पाहिजे. मधल्या जागेत चुरगळलेला पेपर भरपूर. डबा भरलेला दिसला पाहिजे.

हे झालं की सात दिवस काहीही करायचं नाही. पाणी बदलायचं, बस. हातात घ्यायचं नाही, पाहुण्यांना दाखवायचं नाही, झाकण उघडून "आहे ना?" बघायचं नाही. पहिले तीन घास नीट पचेपर्यंत हाताळणी बंदच.

---

सरपटेकाका | १४ ऑक्टोबर, रात्री ११:०५

पिंकीचं राहिलंच.

किटलीचं पाणी बंद करा. उकळत्या पाण्यात कातडी शिजते, आतडी फुटतात, वास बदलतो. मायक्रोवेव्ह तर त्याहून वाईट, कुठे शिजतं आणि कुठे गार राहतं. आदल्या रात्री पिंकी झिपच्या पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, शक्यतो झाकणाच्या वेगळ्या डब्यात. देण्याच्या वेळी पिशवीसकट ४० अंशांच्या पाण्यात पाच-सात मिनिटं. मनगटावर ओतलं तर चटका न बसणारं पाणी. बोटांत दाबून बघा, मधे खडा लागला तर अजून बर्फ आहे. बाहेर काढून टिपून कोरडी करा.

आकार: १ ते २ ग्रॅमच्या पाकिटात दुप्पट फरक असतो. सहा ग्रॅमच्या पिल्लाला १ ग्रॅमच्या आसपासची, एक दिवसाची पिंकी निवडा. काट्यावर तोलून बाजूला काढा. जाडी पिल्लाच्या सगळ्यात जाड भागाइतकी किंवा किंचित जास्त, दीडपटीच्या पुढे नको.

आणि दाखवायची नाही, ठेवायची. दिवेलागणीनंतर, खोली अंधारी करून, गरम टोकाच्या आडोशाच्या दाराशी पिंकी ठेवा, नाक आतल्या बाजूला. झाकण लावा आणि सकाळपर्यंत त्या खोलीत फिरकू नका. बरीचशी लाजरी पिल्लं इथेच खातात, कारण त्यांना प्रेक्षक नको असतो. सकाळी राहिलेली पिंकी टाकून द्या, पुन्हा गोठवू नका.

नाहीच खाल्लं तर पाच दिवस थांबून पुढचा प्रयोग. एका वेळी एकच बदल, आणि वहीत नोंद. एकदम चार गोष्टी बदलल्या आणि खाल्लं, तर पुढच्या वेळी त्यातलं काय करायचं हे कळत नाही.

विकणाऱ्याला परत फोन करून तीन गोष्टी विचारा: जिवंत की फ्रोजन, कशाचा वास लावून दिलं होतं का, आणि शेवटचं कधी खाल्लं. "दोनदा खाल्लंय" मध्ये बरंच काही लपतं.

---

शंकासुर | १५ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

उंदीर नाही तर चिकनचे बारीक तुकडे चालतील का? मिळायला सोपे. आणि आमच्या पुण्यात बागेत धामणीचं पिल्लू सापडलंय, त्यालाही हीच पद्धत लावू का? घरचे म्हणतात वाटीत दूध ठेव.

---

ऑस्टिनची पाल | १५ ऑक्टोबर, सकाळी ८:४०

चिकनच्या तुकड्यात हाड नाही, यकृत नाही, पुरेसं कॅल्शियम नाही. सापाला प्राणी अख्खा लागतो. दूध सापाला पचत नाही. नागपंचमीला गारुड्याचा नाग दूध "पितो" तो कित्येक दिवस पाण्याविना ठेवलेला असतो म्हणून.

धामणीचा प्रश्न पूर्ण वेगळा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली भारतातला कोणताही रानटी साप घरात ठेवता येत नाही, पिल्लूसुद्धा नाही, "दोन दिवस खायला घालून सोडतो" असंही नाही. जखमी नसेल तर त्याच बागेत झुडपाखाली राहू द्या, ते उपाशी वगैरे नाहीये. जखमी असेल किंवा घरात शिरलं असेल तर वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन. इथले उपाय फक्त कायदेशीर, पिंजऱ्यात पैदास झालेल्या सापांसाठी.

थेम्सकाठी, आता तुमचं.

सरपटेकाकांनी घराचं सांगितलं, मी वासाचं सांगते. कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या पूर्व आणि आग्नेय भागातला, न्यू जर्सीपासून फ्लोरिडापर्यंत आणि पश्चिमेला लुईझियानापर्यंत. तिथे मोठा साप उंदीर-घुशी खातो, पण नुकतं निघालेलं पिल्लू छोटे सरडे आणि झाडावरचे बेडूक खातं. सहा ग्रॅमच्या पिल्लाला रानात गिळता येईल असा उंदीर क्वचितच भेटतो. म्हणजे पहिला घास उंदीरच असावा हा आपला हट्ट आहे, त्याचा नव्हे. बहुतेक पिल्लं आपला हट्ट निमूट मान्य करतात, काही करत नाहीत.

दुसरं, नेटवर वाचलेले बॉल पायथनचे (हा पाळीव अजगर) सल्ले इथे लावू नका. अजगराच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात, त्याला गरम भक्ष्य "दिसतं". कॉर्न स्नेकला असे खळगे नाहीत. तो जिभेवर आलेला वास टाळूतल्या जेकबसन अवयवाकडे पोचवून ओळखतो. म्हणून पिंकी अजून गरम, अजून गरम करत जाण्यात अर्थ नाही. अंगाइतकी कोमट पुरे. बदलायचा तो वास.

पायऱ्या, सौम्यपासून सुरू करून:

आधी धुणं. वितळलेली पिंकी बिनवासाच्या भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकलेल्या कोमट पाण्यात हलक्या हाताने चोळा, मग वाहत्या पाण्याखाली मिनिटभर खळखळून धुवा, टिपा, परत कोमट करा. उंदरीच्या घरट्याचा, मुताचा वास जातो. ऐकायला विचित्र वाटतं, पण नुसत्या धुण्यानेही बरीच पिल्लं खातात. साबण सुगंधी नको. लिंबाचा तर मुळीच नको.

मग ब्रेनिंग. पिंकीच्या कवटीला जाड सुईने टोचा आणि किंचित दाबा, मोहरीएवढा मेंदूचा पदार्थ बाहेर येतो, तो नाकावर पसरवा. किळसवाणं आहे, मान्य. पण सगळ्या युक्त्यांत भरवशाची हीच. त्याच जोडीला पिंकीच्या पाठीवर एक छोटी उभी चीर देता येते.

मग उसना वास. ट्यूना माशाचा डबा पाण्यातला घ्या, मिठाच्या पाण्यातला किंवा तेलातला नको. त्यातल्या पाण्यात पिंकीचं फक्त डोकं बुडवायचं. किंवा चिकनचं पाणी: मीठ, कांदा, लसूण काहीही न घालता उकळून गार केलेलं. घरचा रस्सा नव्हे!

शेवटी सरड्याचा वास. हाही बऱ्याचदा लागू पडतो. हिरवा अ‍ॅनोल हा सरडा इंग्लंडात पाळीव प्राण्यांच्या दुकानांत मिळतो, ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून कात मागा. कातेचा नखाएवढा तुकडा ओला करून पिंकीच्या नाकावर चिकटवायचा. नाहीतर पिंकी जिवंत अ‍ॅनोलच्या पाठीवरून दोन-चारदा हळूच फिरवायची, त्याला काही होत नाही. बागेतला सरडा पकडायचा मोह आवरा. एक तर ब्रिटनमध्ये रानटी सरड्यांना मारणं किंवा इजा करणं १९८१ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि दुसरं, रानटी सरड्याच्या अंगावर-पोटात परजीवी असतात. लेपर्ड गेको या पाळीव पालीची कातही सरसकट घेऊ नका, क्रिप्टोस्पोरिडियम हा आतड्याचा परजीवी त्यांच्यात बराच आढळतो. कात ज्याच्याकडून घ्याल तो प्राणी खाता-पिता, अंगाने भरलेला असू दे.

---

वेटोळे | १५ ऑक्टोबर, दुपारी १:२०

जिवंत पिंकी द्या, एका रात्रीत प्रश्न मिटेल. एक दिवसाच्या पिंकीला दात नसतात, डोळे मिटलेले, ती सापाला काही करू शकत नाही. हालचाल आणि ताजा वास, दोन्ही मिळतात.

---

सरपटेकाका | १५ ऑक्टोबर, दुपारी २:०५

पिंकी सापाला इजा करत नाही हे बरोबर. केस आलेला, डोळे उघडलेला जिवंत उंदीर मात्र कधीच ठेवू नये, तो सापाची पाठ कुरतडतो. पण थेम्सकाठी इंग्लंडात आहेत. तिथे जिवंत कणाधारी प्राणी खाऊ घालण्यावर थेट बंदी घालणारं वेगळं कलम नसलं, तरी २००६ च्या प्राणी कल्याण कायद्याने तुमच्या ताब्यातल्या प्राण्याला विनाकारण त्रास देणं गुन्हा ठरतं, आणि ताब्यातला प्राणी म्हणजे पिंकीसुद्धा. दुकानंही जिवंत विकत नाहीत. शिवाय जिवंतची सवय लागली की फ्रोजनवर आणायला पुन्हा हीच कसरत. पाल यांच्या सगळ्या पायऱ्या झाल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

---

वेटोळे | १५ ऑक्टोबर, दुपारी २:३०

इंग्लंडचं मान्य. तरी एक पुस्ती जोडतो: ब्रेनिंग केलेल्या पिंकीसोबत पिल्लाला छोट्या डेली कपात ठेवून बघा, अर्ध्या लिटरचा, झाकणाला टाचणीची भोकं, आत ओलसर पेपरचा बोळा. तो कप रात्रभर गरम टोकावर. जागा इतकी कमी की पिंकीशी नाक भिडतंच.

---

सरपटेकाका | १५ ऑक्टोबर, दुपारी २:४५

चालेल, पण कप मॅटच्या थेट वर नको, कडेवर. बंद कपात उष्णता साठते, आणि तिथून पिल्लाला हलता येत नाही. मी आधी त्याच्याच डब्यात दोन प्रयत्न करीन, कारण कपात उचलून ठेवणं ही हाताळणीच झाली.

---

खूर-खवले | १६ ऑक्टोबर, रात्री ८:१५

पशुवैद्य म्हणून भरवण्याबद्दल लिहिते, कारण मूळ प्रश्न तोच होता आणि इथे येणारा प्रत्येक जण तोच विचारतो.

अंड्यातून निघताना पिल्लाच्या पोटात पिवळ्या बलकाचा साठा असतो. पहिली कात साधारण सात ते दहा दिवसांत पडते, तोवर पिल्लू खात नाही आणि खायला द्यायचंही नसतं. निरोगी पिल्लू त्यानंतरही कित्येक आठवडे काढू शकतं. म्हणून दिवस मोजू नका. वजन आणि शरीर बघा.

तुमच्या ६.४ ग्रॅमच्या पिल्लाचं वजन ५.४ च्या खाली गेलं, म्हणजे पंधरा टक्के घटलं, की सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरची वेळ घ्या. वजन काहीही असो, पुढचं दिसलं तर थांबू नका: पाठीचा कणा धारेसारखा वर आलाय आणि अंगाचा काप गोलाऐवजी त्रिकोणी दिसतोय, कातडीला उभ्या घड्या पडतायत आणि सरळ होत नाहीत, उलटं केलं तर पिल्लू स्वतः पालथं होत नाही, तोंड उघडं ठेवतं, लाळेचे धागे, श्वासाला शिट्टीसारखा आवाज. पाण्याच्या वाटीत काळे ठिपके बुडालेले दिसले तर ते माइट, म्हणजे रक्त शोषणारे बारीक परजीवी. माइट असताना साप बऱ्याचदा खात नाही, आधी ते घालवावे लागतात. कातडी सुकलेली वाटली तर २७-२८ अंशांच्या, अंगाच्या निम्म्या उंचीच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं, समोर बसून.

डोळे निळसर-दुधी झालेले असतील तर प्रयोगच करू नका. कात येतेय. कात पडून दोन दिवस झाल्यावर द्या. बऱ्याचदा नकार फोडायला तीच सगळ्यात चांगली वेळ.

सहाय्यक भरवणं आणि जबरदस्तीने भरवणं यात फरक आहे. पहिल्यात पिंकीचं नाक पिल्लाच्या ओठांच्या मधून दातांपर्यंत नेऊन थांबायचं आणि गिळणं त्याच्यावर सोडायचं. दुसऱ्यात घशाच्या आत ढकलतात, किंवा पिंकी प्रेस नावाच्या पिचकारीने लगदा सोडतात. दुसरं घरी करूच नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या अगदी मागे असतं, तिथे लगदा गेला तर पिल्लू गेलं. अन्ननलिका फाटते तीही इथेच.

सहाय्यक भरवणं डॉक्टरसमोर एकदा शिकून घ्या. कृती अशी: अख्खी पिंकी नको, फक्त डोकं, किंवा सगळ्यात छोट्या पिंकीचा पुढचा अर्धा भाग. तो पाण्याने ओला. पिल्लाची मान अंगठा आणि पहिल्या बोटात, डोक्याच्या लगेच मागे, मधलं बोट खालून आधाराला, बाकीचं अंग तळहातावर मोकळं. दाब कच्च्या अंड्याचं कवच फुटणार नाही इतका. पिंकीचं नाक ओठांच्या पुढच्या टोकाला लावून हळूच वर-खाली, तोंड जेमतेम उघडतं. आत गेलं की पिल्लाचे मागे वळलेले दात त्यात रुततात. मग पिल्लाला पेपरवर ठेवून पुतळा व्हायचं, हात तिथेच, श्वाससुद्धा बेताने. दोन-तीन मिनिटांत जबडा चालू झाला तर जिंकलात. हलाल तर ते थुंकतं. दोन प्रयत्न, मग बंद, पाच-सात दिवस सुट्टी. चिमट्याचं धातूचं टोक तोंडात घालू नका, दात मोडतात आणि हिरड्यांना संसर्ग होतो.

प्रत्येक प्रयत्नात पिल्लू स्वतः खाण्यापासून थोडं दूर जातं, हे गणित लक्षात ठेवूनच हात घाला. ५.९ ग्रॅमला त्याची गरज नाही.

अजून एक. फ्रोजन उंदरांतून माणसांना साल्मोनेला झाल्याची प्रकरणं ब्रिटनमध्ये अधिकृतपणे नोंदलेली आहेत. वितळवायचं भांडं, चिमटा वेगळे ठेवा, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका, हात साबणाने धुवा. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर हे काम त्याच्यापासून दूर.

---

थेम्सकाठी | २७ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

सगळ्यांचे आभार. नोंदी देतो. १५ ला ९ लिटरच्या डब्यात हलवलं. इन्फ्रारेडने जुन्या घरात भुशाखाली मोजलं तर ४१ अंश! आता गरम टोक २९, थंड टोक २२. विकणाऱ्याला फोन केला; दोन्ही वेळा जिवंत पिंकी दिली होती.

२१ ला साधी पिंकी रात्रभर ठेवली, तशीच राहिली. २६ ला धुऊन ठेवली. सकाळी ती दाराशी नव्हती, डब्याच्या मधोमध होती, नाकाकडचा भाग ओला, पण गिळलेली नाही. वजन ५.७. शेपटी थरथरवणं पूर्ण थांबलंय. पुढे ब्रेनिंग की ट्यूना?

---

ऑस्टिनची पाल | २७ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

हलवली म्हणजे तोंडात धरून ओढली आणि सोडली. छान चाललंय. धरून सोडण्याचं कारण बहुधा आकार किंवा गारपणा. पुढची पिंकी तोलून ०.९ ते १ ग्रॅमची घ्या. ३१ ला धुऊन, ब्रेनिंग करून. ट्यूना राखून ठेवा. आणि पेपरवर थेट न ठेवता प्लास्टिकच्या छोट्या झाकणावर ठेवा, ओल्या नाकाला पेपरचे तंतू चिकटले तर तेही सोडायचं कारण होतं.

---

थेम्सकाठी | १ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

झाकण रिकामं! डबा उलटापालटा करून शोधलं नाही, पण आडोशाच्या तोंडातून पोटाचा फुगवटा दिसतोय. ०.९ ग्रॅम, धुतलेली, ब्रेनिंग केलेली. आता पुढचं कधी, आणि प्रत्येक वेळी सुई घेऊन बसायचं का?

---

सरपटेकाका | १ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

वा! आता दोन दिवस डब्याला हात नको. गरम टोक २८-२९ वर टिकलंय ना तेवढं बघा. पचनाला उष्णता लागते. गार पडलं, हाताळलं किंवा घास मोठा झाला तर ओकतं. ओकलंच तर घाबरून लगेच दुसरी देऊ नका. किमान दहा ते चौदा दिवस पूर्ण विश्रांती, पाणी भरपूर, आणि नंतरचा घास आधीच्या निम्म्या आकाराचा. पोटातलं आम्ल आणि अन्ननलिकेचा दाह भरून यायला तेवढा वेळ लागतोच.

नीट पचलं तर पुढची ६ नोव्हेंबरला, अगदी तशीच: तेवढंच वजन, धुणं, ब्रेनिंग, झाकण, रात्र. यश मिळालं की लगेच सुधारणा करायची खाज येते, ती तीन घास आवरा. चौथ्या वेळी ब्रेनिंग करा, पण धुऊ नका. पाचव्या वेळी धुवा, सुई नको. दोन्ही चाललं तर सहाव्याला साधी पिंकी. मधे कुठे नकार आला तर एक पायरी मागे, पाच दिवसांनी.

व्हिव्हेरियममध्ये परत न्यायची घाई नाही. १२-१५ ग्रॅमचं होईपर्यंत डब्यातच राहू दे. तोवर त्या मोठ्या घरातला सेन्सर भुशाखाली, मॅटच्या पृष्ठभागावर आणा आणि भुसा दीड-दोन सेंटिमीटरवर उतरवा.

---

खूर-खवले | १ नोव्हेंबर, सकाळी ११:१०

पहिली शी चार-पाच दिवसांत येईल, घट्ट आणि सोबत पांढरा युरेट, म्हणजे सापाची घट्ट लघवी. ती येईपर्यंत दुसरा घास नको, ६ तारीख उलटली तरी. शी पातळ, हिरवट किंवा फारच घाण वासाची असेल तर डबीत घालून तपासणीला द्या.